एकशे सत्तर दिवस

"काकू, एक सांगा, तुम्ही नक्की कुठल्या?" करसल्लागारानं दोन्ही पत्रं टेबलावर शेजारी शेजारी मांडली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"कुठल्या म्हणजे? तुमच्या मागच्या गल्लीतल्या."

"तसं नाही हो. करापुरत्या कुठल्या?"

माणूस करापुरताही कुठला तरी असतो, हे तिला नवीनच होतं.

सव्वीस वर्षं ती परदेशात दातांच्या एका लॅबमध्ये कवळ्या बनवत होती. मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवायचा, शेजारच्या खऱ्या दाताशी रंग जुळवायचा, चावताना वरचे-खालचे दात नीट भिडतात का ते पाहायचं. नवरा आणि लहान मुलगी इकडे होते. मुलीचं सगळं आत्यानं, म्हणजे तिच्या नणंदेनं केलं. निवृत्त होऊन ती परतली, तेव्हा गल्लीतले म्हातारे तुटक्या कवळ्या रुमालात गुंडाळून तिच्याकडे यायला लागले आणि तिचं नाव कवळीबाई पडलं. तिची काही तक्रार नव्हती. आधी लोक 'परदेशवाली' म्हणत, त्यापेक्षा हे बरं होतं.

आता एकाच आठवड्यात दोन पत्रं आली होती. एक तिकडच्या पेन्शन खात्याचं. तुम्ही कुठल्या देशाच्या रहिवासी आहात त्याचा दाखला साठ दिवसांत पाठवा, नाही तर दर महिन्याला तीस टक्के कर कापू. दुसरं इथल्या कर खात्याचं. तिकडची पेन्शन आणि तिकडच्या बचतीवरचं व्याज तुम्ही इथं का दाखवलं नाही?

"अहो, पण तिकडे कर कापूनच पैसे हातात येतात," कवळीबाई म्हणाली. "एकदा कापला ना? मग इथं परत कसला?"

"बरोबर आहे, एकदाच द्यायचा. पण कुणाला, ते आधी ठरायला हवं. त्यासाठी दोन देशांनी तह केलाय."

"माझ्यासाठी?"

करसल्लागाराला हसू आवरेना. "तुमच्यासारख्या सगळ्यांसाठी. हे बघा, गेल्या दोन वर्षांचं सोपं आहे. तुम्ही सबंध वर्षं इथं होतात. घोळ आहे तो त्याच्या आधीच्या वर्षाचा."

त्यानं तिचा पासपोर्ट उघडला, शिक्के पाहून कॅल्क्युलेटरवर आकडे दाबले आणि कागदावर लिहिलं : इकडे एकशे पंच्याण्णव दिवस, तिकडे एकशे सत्तर.

"इथला कायदा म्हणतो, अर्ध्याहून जास्त दिवस इथं राहिलात, म्हणजे इथल्या. तिकडचा म्हणतो, वर्षभर भाड्याची खोली तुमच्या नावावर होती, म्हणजे तिकडच्या. एकाच वर्षी दोन्हीकडच्या."

"असं कसं होईल?"

"झालंय ना! मग तह विचारतो, कायमचं घर कुठे? घर तर दोन्हीकडे. मग पुढचा प्रश्न. तुमच्या जगण्याचं केंद्र कुठे? जवळची माणसं कुठे, नातीगोती कुठे?"

"कर घ्यायला एवढं सगळं विचारतात?"

"विचारतात. बरं, परत आल्यावर तुम्ही ते पाच-साडेपाच महिने पुन्हा तिकडे का गेला होतात?"

"कामाला," ती चटकन म्हणाली. "लॅबनं बोलावलं होतं."

"मग झालं की! तात्पुरत्या कामासाठी गेला होतात, एवढं लॅबचं पत्र आणा. आणि इथले तुमच्या नावाचे काही कागद आणा. काम फत्ते."

ती जिना उतरली. लॅबनं बोलावलं होतं, हे ती तीन वर्षं सगळ्यांना सांगत आली होती. पण लॅबनं तिला बोलावलं नव्हतं. कुणीच बोलावलं नव्हतं.

घरी नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. तो पाणीपुरवठ्याच्या पंपहाउसवर ऑपरेटर होता. आयुष्यभर एकच व्हॉल्व्ह उघडायचा किंवा बंद करायचा हे ठरवण्यात गेल्यामुळे त्याला अधलंमधलं काही कळत नसे.

"इथली म्हणून लिही, सही कर आणि मोकळी हो. त्यात विचार कसला करायचा?"

"पुरावे मागतात."

"मी आहे ना पुरावा!"

"तुमची झेरॉक्स नाही काढता येत," ती म्हणाली आणि कपाट उघडून बसली.

दोन तास शोधाशोध केली. घर नवऱ्याच्या नावावर, विजेचं बिल नवऱ्याच्या नावावर, गॅसही त्याच्याच. मुलीच्या शाळेची फाइल सापडली. तिच्यात दर वर्षीच्या प्रगतिपुस्तकावर पालकाची सही आत्याची होती, गोल गोल, नीटनेटकी. मग तिनं तिकडून आणलेला पत्र्याचा डबा उघडला. त्यात वाचनालयाचं कार्ड, बसचा पास, डॉक्टरचं कार्ड, लॅबचं ओळखपत्र होतं. चष्म्याच्या दुकानानं वाढदिवसाला पाठवलेलं शुभेच्छापत्रसुद्धा होतं. सगळ्यांवर तिचं नाव, आणि सगळ्यांवर नावाचं स्पेलिंग बरोबर. एका बाजूला गठ्ठा, दुसऱ्या बाजूला रिकामी सतरंजी. कागद बोलू लागले असते, तर त्यांनी तिला कुठली म्हटलं असतं हे उघड होतं.

संध्याकाळी मुलगी कामावरून आली. तिनं उभ्या उभ्याच फोन काढला.

"लॅबला मी मेल टाकते. त्यांचा पत्ता आहे माझ्याकडे."

"राहू दे गं. मीच फोन करीन."

"आई, फोनला कुणी पुरावा म्हणत नाही. झालं बघ, गेला."

कवळीबाईनं पाणी प्यायला घेतलं आणि पेला तसाच हातात धरून बसली. आत्ता सांगावं, असं तिला वाटलं. पण सांगायचं काय? ती का गेली होती, हे तिलाच धड मांडता आलं नसतं.

पुढचे चार दिवस मुलीचा फोन वाजला की हिचा जीव वर-खाली व्हायचा. मनात नाही नाही ते यायचं. लॅबची जुनी मुकादमीण सांभाळून घेईल. मेल कुणी वाचणारच नाही. किंवा लॅबच बंद पडली असेल. चांगली सव्वीस वर्षं भाकर देणारी लॅब बंद पडावी असं आपण मनात आणतोय, हे ध्यानात आल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली.

सुट्टीच्या दिवशी सकाळी तिघं चहा पीत बसली होती. मुलगी फोनकडे पाहत म्हणाली, "आला त्यांचा मेल." आणि वाचता वाचता तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आई, काहीतरी गोंधळ झालाय त्यांचा. म्हणतायत, निवृत्तीनंतर तू तिथं काम केलंच नाहीस. आता दात यंत्रावर बनतात, त्यामुळे जुन्या कुणालाच परत घेतलं नाही. तुला शुभेच्छा दिल्यात. मी परत लिहिते त्यांना, तारखा देऊन."

"नको लिहूस."

"का?"

"त्यांचं बरोबर आहे."

नवऱ्यानं कप खाली ठेवला. मुलगी एकदा आईकडे, एकदा फोनकडे पाहत राहिली.

"म्हणजे? तू गेली होतीस ना?"

"गेले होते. पण मला कुणी बोलावलं नव्हतं."

"मग कशाला गेलीस?"

कवळीबाईनं टेबलावर सांडलेली साखर बोटानं एका जागी केली. "मी निवृत्त होऊन परत आल्यावर तुझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी बाहेर बाकावर बसले होते. आतून एक जण आला आणि म्हणाला, आत्या कोण? सही हवीय. तू भरती होताना आत्याचा नंबर दिला होतास. मी म्हटलं, मी आई आहे. तो म्हणाला, कागदावर आत्या आहे. मग आत्या येईपर्यंत आम्ही दोघं थांबलो."

"अगं आई, मला तो नंबर पाठ होता म्हणून दिला! दुखत होतं मला, काय सुचणार?"

"तेच ना."

"तेच ना काय? त्यात एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय होतं?"

"काही नव्हतं. तू काही चुकीचं केलं नाहीस. आत्यानंही नाही. म्हणून तर कुणावर रागावता येईना. घरात मी कुठं उभी राहिले तरी कुणाच्या तरी वाटेत यायचे. तिकडची खोली अजून सोडली नव्हती. म्हटलं, जाऊन यावं."

मग नवऱ्यानं विचारलं, "मग पाच महिने तिथं करत काय होतीस?"

"सकाळी वाचनालयात जायचे. दुपारी खोलीत."

"आणि जेवत कुठे होतीस?"

"खोलीतच. ब्रेड असायचा. कधी सूप."

"रोज?"

"रोज."

तो मान हलवत राहिला. बायको खोटं बोलली याचा राग यावा की तिनं पाच महिने ब्रेड खाल्ला याचं वाईट वाटावं, हे त्याला ठरवता येत नव्हतं. "आणि परत का आलीस?" त्यानं हळूच विचारलं.

तिला वाटलं, निदान इथं तरी काही चांगलं सांगता यावं. तुमची आठवण आली, असं. "घरमालकिणीला खोली भाच्यासाठी हवी होती," ती म्हणाली. "पण दुसरी खोली शोधता आली असती. ती का शोधली नाही, ते मला नाही सांगता येत."

मुलगी उठली आणि तिघांचे कप घेऊन आत गेली. कप विसळायला लागतो त्याहून बराच जास्त वेळ नळ वाहत राहिला. पंपहाउसवर हयात घालवलेला तिचा बाप एरवी अशा वेळी "नळ बंद कर" म्हणून ओरडला असता. आज ओरडला नाही.

कर कार्यालयातली तारीख पुढच्या आठवड्यात होती. नवरा आणि मुलगी दोघंही तिच्याबरोबर आली. करसल्लागारानं वाटेतच पढवून ठेवलं. "पत्र नाही तर नाही. 'विश्रांतीसाठी' गेले होते असं लिहू, कुणी खोलात जात नाही. ते वर्ष इथलं ठरलं तर तुमचा फायदा आहे, काकू." पण अर्ज तिनं स्वतःच भरला होता.

अधिकारीबाई पन्नाशीच्या होत्या. हातातल्या पेनानं त्या एकेक रकाना तपासत खाली आल्या आणि थांबल्या.

"त्या वर्षी तुमच्या जगण्याचं केंद्र कुठे होतं, हे रिकामं का सोडलंय?"

"मला माहीत नव्हतं," कवळीबाई म्हणाली. "म्हणजे त्या वर्षी. आणि आताही त्या वर्षाचं नाही सांगता येत."

करसल्लागार खाकरला.

"असं लिहायला इथं जागा नाहीये, बाई. इकडे किंवा तिकडे."

"कामासाठी गेले असं सांगायचे सगळ्यांना. ते खरं नव्हतं. माणसं सगळी इथं होती, पण मी त्यांना सोडून गेले होते. मग तुम्हीच ठरवा."

अधिकारीबाईंनी चष्मा काढला. "मी तिकडचं ठरवलं तर त्या वर्षाचा कर तिकडच्या दरानं जाईल. दंडासकट. जड जाईल."

"जाऊ दे."

"आणि नंतरच्या दोन वर्षांचं?"

"इथलीच," कवळीबाई म्हणाली. एवढं एक उत्तर तिनं न थांबता दिलं.

"तुमच्या नावावर इथला काही कागद?"

मागच्या खुर्चीवरून नवरा उठला आणि त्यानं एक घडी केलेला कागद पुढे केला. पाणीपट्टीचं बिल होतं. जुन्या ओळखी असूनही तीन दिवस रांगेत उभं राहून त्यानं नळजोडणी बायकोच्या नावावर करून घेतली होती आणि घरात कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. अधिकारीबाईंनी बिल उलटसुलट पाहिलं आणि फाइलला लावलं.

जिना उतरताना मुलगी आईच्या बाजूनं चालत होती. तळमजल्यावर आल्यावर म्हणाली, "आई, ते हॉस्पिटलचं आत्याला नको सांगूस. तिला वाईट वाटेल."

"नाही सांगत," कवळीबाई म्हणाली. खरं तर तिला आणखी काहीतरी ऐकायचं होतं. पण मुलीनं जिन्याच्या शेवटच्या पायरीवर तिचा दंड धरला आणि रस्ता ओलांडेपर्यंत सोडला नाही, हेही तिच्या लक्षात आलं. दोन्हींतलं कुठलं जास्त खरं मानायचं, ते तिला कळेना.

इथली रहिवासी असल्याचा दाखला तीन आठवड्यांनी आला. मूळ प्रतच तिकडे पाठवायची होती. ती एकटीच पोस्टात गेली. रजिस्टर पोस्टाचा फॉर्म घेऊन काउंटरवर भरून दिला. पोस्टातल्या क्लार्कनं तो वाचला आणि परत सरकवला.

"बाई, उलटं लिहिलंत. हे कुणाला पाठवायचंय?"

तिनं पाहिलं. 'प्रति' म्हणून छापलेल्या चौकटीत तिनं घराचा पत्ता लिहिला होता. सव्वीस वर्षं दर महिन्याला तिकडून पैसे पाठवताना तो पत्ता तिनं अशाच चौकटीत लिहिला होता, हात आपसूक तिकडे गेला होता.

"चुकलं. दुसरा द्या," ती म्हणाली.

मागे रांग वाढत होती. तिनं आधी पेन्शन खात्याचा पत्ता लिहिला. मग फॉर्म जरासा तिरका केला आणि 'पाठवणार' या चौकटीत स्वतःचं नाव, त्याखाली घराचा नंबर आणि गल्ली सावकाश लिहिली. लॅबमध्ये दाताच्या रंगाचा नंबर लिहायची तितक्याच बारीक अक्षरांत लिहिली, कारण चौकट लहान होती आणि तिला सगळं त्यातच बसवायचं होतं.