पुलावरचा खड्डा

बाईंनी सेल्समनच्या खिशातलं पेन मागून घेतलं, त्याने छापून आणलेल्या कागदावरचा चौदा लाख दहा हजारांचा आकडा सरळ रेघेने खोडला आणि खाली लिहिलं, बारा. मग कागद फिरवून त्याच्यापुढे सरकवला.

सेल्समनने आधी कागद पाहिला, मग बाईंकडे पाहिलं, मग शेजारी बसलेल्या त्यांच्या नवऱ्याकडे, पायलटकडे. दोन लाख दहा हजार एका रेघेत उडवणारं गिऱ्हाईक त्याच्या टेबलाशी पहिल्यांदाच बसलं असावं.

"काकू, यात आमचं काहीच उरत नाही," तो म्हणाला.

"मग राहू द्या," बाई म्हणाल्या, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्यांच्या जिवात जीव आला.

पण सेल्समन चिवट निघाला. मॅनेजरशी बोलून येतो म्हणाला आणि काचेच्या केबिनमध्ये गेला. पायलट शोरूमच्या मधोमध उभ्या असलेल्या गाडीकडे बघत बसले होते. ना धड मोटार, ना धड जीप, अशी ती उंच गाडी. रंग विटकरी. हा रंग कुणी घेत नाही म्हणून आठ महिने ती तशीच उभी होती, हे सेल्समनने मघाशी बोलण्याच्या ओघात सांगून टाकलं होतं, आणि बाईंना तेव्हाच ते खुपलं होतं. पडून राहिलेला माल विकणारे लोक कितीही खाली येतात, हे त्यांना ठाऊक होतं.

पायलट हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. चौतीस वर्षं त्यांनी हॉस्पिटलची अँब्युलन्स चालवली. तिथल्या नर्सेसनी ठेवलेलं हे नाव निवृत्तीनंतरही त्यांना चिकटून राहिलं. बाई त्याच हॉस्पिटलात चादरी-कपड्यांचं खातं सांभाळायच्या; तिथे त्यांना सगळे बाईच म्हणत. चौतीस वर्षांत पायलटच्या गाडीला एक ओरखडा पडला नव्हता. हे ते स्वतः सांगत नसत, त्यांच्यासाठी बाईच सांगत.

आता नातीची शाळा बदलणार होती. नवी शाळा नदीपलीकडे, हायवेवर बारा किलोमीटर. लेक आणि जावई दोघंही सकाळी आठला कामावर जातात. मी नेईन, मी आणीन, असं पायलटनी जेवता जेवता सांगून टाकलं होतं. घरची जुनी गाडी चार किलोमीटरच्या पुढे गेली की तापायची, म्हणून ही नवी. सगळं अगदी सरळ होतं. लेकीच्या डोळ्यांत त्या दिवशी पाणी आलं होतं, आणि बाईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

पहिल्यांदा झालं ते चहाच्या वेळी. कप ओठांपर्यंत नेता नेता पायलट थांबले. डोळे उघडे, नजर भिंतीवर, आणि आत कुणी नाही. मग कप पुढे सरकला आणि ते म्हणाले, साखर कमी आहे. दुसऱ्यांदा झालं ते पुलावर, जुन्या गाडीत. मागच्या सीटवर नात समोरून येणारे ट्रक मोजत होती. गाडी आपली आपण उजवीकडे जायला लागली. ट्रकने भोंगा दिला तरी पायलट हलले नाहीत. बाईंनी हात घालून चाक ओढलं. ते भानावर आले आणि रागावलेच.

"अगं, मध्ये हात काय घालतेस?"

"खड्डा होता," बाई म्हणाल्या होत्या.

मागून नात म्हणाली, आजी, हा आठवा ट्रक होता.

त्यानंतरचे तीन आठवडे बाई कुठलं ना कुठलं निमित्त काढून रोज गाडीत शेजारी बसत होत्या. कधी भाजी आणायची होती, कधी शिंप्याकडे जायचं होतं. मांडीवर पिशवी आणि एक हात हँडब्रेकवर. नजर रस्त्यावर कमी, नवऱ्याच्या पापण्यांवर जास्त. लेकीला सांगितलं असतं तर तिने त्याच दिवशी किल्ली काढून घेतली असती. डॉक्टरांना सांगितलं असतं तर लायसन्स गेलं असतं. आणि ह्यांना सांगायचं, तर कुठल्या तोंडाने? ज्याचं आयुष्य चाकामागे गेलं त्याला, तुमचा आता भरवसा नाही, हे कुणी सांगायचं? सापही मरावा आणि काठीही मोडू नये, एवढंच बाईंना हवं होतं. म्हणून त्यांनी ठरवलं होतं की कुणी देणारच नाही असा भाव मागायचा. सौदा आपोआप मोडेल, दोष कुणाचाच राहणार नाही.

सेल्समन हसत परत आला. तेरा चाळीस.

बाईंनी बारा धरून ठेवले आणि वर मॅट, सीट कव्हर आणि दोन वर्षांची सर्व्हिसिंग फुकट मागितली. तो पुन्हा केबिनमध्ये जाऊन आला. बारा ऐंशी, मॅट आणि कव्हर फुकट. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. बाईंना एकच विघ्न हवं होतं, तेही मिळेना. शेवटचा उपाय उरला होता, तो त्यांनी केला. मांडीवरची पर्स उघडली आणि खटकन बंद केली.

ही खूण छत्तीस वर्षांची होती. कपाट असो, फ्रिज असो, लेकीची सायकल असो, घासाघीस करायची बाईंनी आणि उठायचं पायलटनी. पर्सचा खटका वाजला की ते उठत, "चल, उशीर होतोय," म्हणत आणि दाराकडे चालू लागत, दुकानदाराला हाक मारायला वेळ मिळावा इतपत सावकाश. एका पंखेवाल्याने हाकच मारली नव्हती. तेव्हा दोघं तासभर बाजारात उगाच फिरून पडेल चेहऱ्याने परत त्याच्याकडेच गेले होते. तो पंखा अजून घरात फिरतो. पण आजवर खटका वाजला आणि पायलट उठले नाहीत, असं एकदाही झालं नव्हतं.

आज ते उठले नाहीत.

बाईंनी मान वळवली. पायलट ताठ बसले होते. एक हात टेबलावर, नजर सेल्समनच्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी. पापणी हलत नव्हती. त्या मोजायला लागल्या. एक, दोन, तीन.

सेल्समनला यातलं काय कळणार? बोलणाऱ्या गिऱ्हाइकाला तो पुरून उरला असता. पण हे म्हातारे गृहस्थ आल्यापासून गप्प होते आणि आता तर त्याच्याकडे बघायलाही तयार नव्हते.

"काका, चला, बारा पन्नास," तो म्हणाला.

पाच. सहा. पायलट ढिम्म.

"बारा वीस. याच्याखाली खरंच नाही."

बाईंना ओरडावंसं वाटत होतं, की अरे गप्प बस, इथे कुणी भाव करत नाहीये. त्यांनी टेबलाखालून पायलटच्या गुडघ्यावर हात ठेवला. आठ. नऊ. सेल्समनने केबिनकडे पाहिलं. काचेआडून मॅनेजरने चिडून हात झटकला.

"ठीक आहे, बारा. तुम्ही म्हणाल तसं. पण बाहेर कुणाला सांगू नका."

अकराव्या आकड्याला पायलटची पापणी हलली. त्यांनी एक श्वास घेतला आणि समोरच्या कागदाकडे पाहिलं. तिथे आता सेल्समनने बारा या आकड्याभोवती गोल काढला होता. त्यांना मेळ लागत नसावा. त्यांची नजर कागदावरून बाईंच्या मांडीवर गेली. पर्स बंद होती, आणि बाईंची बोटं अजून खटक्यावर होती. पायलट त्या पर्सकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी बाईंकडे पाहिलं, आणि बाईंनी चटकन पर्सचा पट्टा नीट करायला घेतला.

पुढचं सगळं भराभर झालं. कर्जाचं बघणारी मुलगी शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. पायलट त्रेसष्ट वर्षांचे, म्हणून बँक पाचच वर्षांची मुदत देईल आणि सहकर्जदार म्हणून बाईंची सही लागेल, असं तिने सांगितलं. तीन लाख रोख, नऊ लाख कर्ज. बाईंनी व्याजावरही हुज्जत घातली, आता अगदी जीव तोडून. साडेनऊचे पावणेनऊ झाले. हप्ता अठरा हजार पाचशे त्र्याहत्तर. आपल्याच हाताने आपण ही गाडी स्वस्त करत चाललोय, हे बाईंना कळत होतं आणि थांबताही येत नव्हतं.

त्या मुलीने अर्ज पुढे केला. जागोजागी पेन्सिलीने फुल्या मारून सह्यांच्या जागा दाखवल्या होत्या. पायलटनी खिशातून वाचायचा चष्मा काढला.

"वाचायची गरज नाही काका, मी सगळं भरलंय," ती म्हणाली.

पायलटनी तरी वाचायला घेतलं. तिसऱ्या पानावर ते थांबले. कर्जाच्या विम्यासाठी तब्येतीचे प्रश्न होते. एका ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. गेल्या वर्षभरात फिट, भोवळ किंवा शुद्ध हरपणे. समोर नाहीच्या चौकोनात निळी खूण.

"हे तुम्ही भरलं?"

"हो. मी सगळ्यांचं नाहीच टाकते. नाहीतर दहा कागद वाढतात."

पायलटचं बोट त्या ओळीवरून हललं नाही. बाई त्या बोटाकडे बघत होत्या. नख कापलेलं, टोकाशी जुना डाग. चौतीस वर्षं मरणाच्या दारातली माणसं घेऊन याच हाताने गर्दीतून गाडी काढली होती. सही करतील आता, बाईंना वाटलं. करतील, आणि मग मलाही करावी लागेल. मागच्या सीटवर ट्रक मोजणारी नात त्यांच्या डोळ्यांसमोर आली.

पायलटनी पेनला टोपण लावून ते अर्जावर आडवं ठेवलं. चष्मा घडी करून खिशात टाकला. मग ते उठले.

"चल, उशीर होतोय," ते म्हणाले.

पर्स वाजली नव्हती. बाईंनी तिला हातही लावला नव्हता. पायलट दाराकडे निघालेही, आणि नेहमीसारखे सावकाश नाही, भराभर. मागून सेल्समनची हाक आली. त्यांनी वळून पाहिलं नाही.

बाहेर जुनी गाडी उन्हात उभी होती. पायलटनी खिशातून किल्ली काढली, क्षणभर हातात धरली आणि बाईंच्या तळहातावर ठेवली. मग गाडीला वळसा घालून गेले आणि गेले तीन आठवडे बाई जिथे बसत होत्या त्या सीटवर जाऊन बसले.

लायसन्स बाईंकडेही होतं. शिकवलंही पायलटनीच होतं, आणि मुदत संपली की आठवणीने नवं करूनही तेच आणायचे. पण लेक कॉलेजात गेल्यापासून बाईंनी चाकाला हात लावला नव्हता. त्या आत बसल्या, सीट पुढे ओढली, तरी पाय जेमतेमच पोचले.

"किती वेळ गेला मघाशी?" पायलटनी समोर बघत विचारलं.

"अकरापर्यंत मोजलं."

शोरूमच्या दारातून सेल्समन हातात कागद घेऊन धावत येताना दिसत होता.

"पुलावर खड्डा नव्हता," पायलट म्हणाले. "दुसऱ्या दिवशी मी चालत जाऊन बघितलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत."

तीन आठवडे बाई एकट्याच घाबरल्या नव्हत्या तर.

"मग इथे कशाला आलात?"

"मला वाटलं, तू भाव जमू देणार नाहीस."

सेल्समनने काचेवर टकटक केलं. अकरा नव्वद, असं तो बाहेरून ओठांनी सांगत होता. दोघांपैकी कुणी काच खाली केली नाही. घड्याळात सव्वाबारा झाले होते, आणि नातीची शाळा साडेबाराला सुटते.

बाईंनी किल्ली फिरवली. गाडीने एक गचका खाल्ला आणि बंद पडली.

"घाई नाही," पायलट म्हणाले. "क्लच हळू सोड. पोर पायरीवर थांबते."

बाईंनी गाडी पुन्हा सुरू केली. पायलटनी आपला हात उचलला आणि हँडब्रेकवर ठेवला, तीन आठवडे बाईंचा हात जिथे असायचा अगदी तिथेच.