तारेतला बेडूक

"बाहेर ये! बाहेर ये म्हणतो ना! आज तुला पट्ट्यात घालून दळतोच की नाही बघ!"

गिरणीवाला वायरमनच्या दारात उभा राहून बोंबलत होता. डोक्यापासून पायापर्यंत पिठाने माखलेला, डोळे तांबारलेले, आणि बोलताना शब्दांच्या मधून नुसती हवा येत होती. ऊन इतकं रणरणत होतं की कुत्रीसुद्धा सावली सोडायला तयार नव्हती, पण असा तमाशा म्हटल्यावर माणसं मात्र भराभर जमली.

वायरमन चप्पल शोधायचं निमित्त करून थोडा वेळ घरातच रेंगाळला. चप्पल पायातच होती. शेवटी यावंच लागलं.

"काय झालं?"

"काय झालं विचारतोस? सकाळी मोटर तूच जोडून गेलास ना? मी बटण दाबलं, गिरणीला हात लावला, आणि चार हात मागे जाऊन पोत्यांवर पडलो! माझी कवळी उडाली! अजून सापडली नाही! कुणाच्या तरी पिठात गेली असणार!"

हे ऐकून सकाळी दळण नेलेल्या दोन बायका घाईघाईने घराकडे वळल्या.

झालं होतं ते असं. लाल तारेतून वीज येते. हिरवी तार यंत्राच्या लोखंडी अंगाला जोडतात, म्हणजे चुकून कुठे वीज सुटलीच तर ती जमिनीत जाते, माणसात जात नाही. वायरमनने लाल तार अंगाला जोडली होती आणि हिरवी आत. शिकाऊ माणूससुद्धा करणार नाही अशी चूक, आणि हा तर वीस वर्षं गावची वीज सांभाळत होता.

"खरं बोल," गिरणीवाल्याने गळाच धरला. "प्यायला होतास ना?"

वायरमनने जमलेल्या तोंडांकडे एकदा बघितलं. आयुष्यात त्याने दारूचा थेंब चाखला नव्हता. नुसत्या वासाने त्याला मळमळायचं.

"हो," तो म्हणाला. "थोडी घेतली होती."

त्या दिवसापासून गावात त्याचं नाव क्वार्टर पडलं.

त्याची बायको बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती. ती दोन दिवसांनी परतली, आणि एसटीतून उतरल्यापासून घरी पोचेपर्यंत तिला सात जणांनी नवरा दारुडा झाल्याची बातमी दिली. ती घरात आली, पिशवी ठेवली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "लाल की हिरवी?"

"दोन्ही," वायरमन म्हणाला.

ही गोष्ट जगात फक्त दोघांना ठाऊक होती. वायरमनला लाल आणि हिरवा यांतला फरक दिसत नसे. दोन्ही त्याला एकच, मातकट दिसत. लग्नानंतर आठव्या दिवशी त्याने बाजारातून पाच किलो हिरवेगार कच्चे टोमॅटो आणले आणि "बघ, कसे पिकलेत!" म्हणून बायकोपुढे ओतले, तेव्हा तिला पत्ता लागला. तेव्हापासून ती प्रत्येक कामावर त्याच्याबरोबर जाऊ लागली. तारेला हात घातला की ती खोकायची. एकदा खोकली तर लाल, दोनदा खोकली तर हिरवी. पिवळी आणि निळी त्याला दिसत असत, तिथे ती घशाला आराम द्यायची. गावाला वाटायचं, बाईला दम्याचा त्रास आहे. तरी बिचारी नवऱ्याचा डबा घेऊन उन्हातान्हात फिरते म्हणून लोक हळहळायचे आणि काढे पाठवायचे. ते काढे मात्र तिला खरंच प्यावे लागायचे.

"मग खरं सांगायचं होतं," ती म्हणाली. "दारुडे कशाला झालात?"

"अगं, दारुड्याला लोक म्हणतात, सोड बाबा आता. हे सुटण्यासारखं आहे का? ज्याला रंग दिसत नाहीत त्याला तारेला कोण हात लावू देईल? दुसरं काय येतं मला?"

बायकोलाही भीती वाटत होती, ती हीच.

पण दारुड्यालाही कुणी हात लावू देईना. पाणी समितीच्या बाई म्हणजे गावच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. निम्म्या गावाचे कान त्यांनी पिळलेले होते, आणि उरलेल्या निम्म्याचेही पिळायची त्यांची तयारी होती. वायरमन त्यांच्याकडे गेला तेव्हा त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"पंपाचं काम यापुढे तुझ्याकडे नाही. प्यायलेल्या माणसाच्या हातात मी गावचं पाणी देणार नाही."

"बाई, एकदाच..."

"एकदाच काय? गिरणीवाला वाचला. पुढचा कुणी असेल?"

ज्या खोट्यामागे तो लपला होता त्याच खोट्याने त्याचं काम खाल्लं.

बायको त्या रात्री जेवायच्या आधीच कडाडली. "मी काय जन्मभर तुमच्या मागे खोकत फिरू? उद्या मला खरंच पडसं आलं तर गाव जाळाल! डोळे नाहीत तर कान आहेत ना? चांगले आहेत. शेजारच्या घरात माझं नाव निघालं तरी तुम्हाला ऐकू येतं!"

वायरमनला हे बोलणं लागलं. मग पटलं. मग सुचलं.

पहिल्यांदा त्याने सेल आणि दाराची घंटी घेतली. तारेच्या या टोकाला सेल, त्या टोकाला घंटी. घंटी वाजली तर तार तीच. पण घंटी सगळ्या तारांना एकच. एक तार तपासली की पुन्हा दुसऱ्या टोकाला जाऊन सेल दुसरीवर लावायचा, पुन्हा परत यायचं. आठ दिवसांत गुडघे सुजले. मग त्याने विचार केला, प्रत्येक तारेला तिचा वेगळा आवाज दिला तर?

तो बाजारात गेला आणि आवाज करणारी चार खेळणी घेऊन आला. एक डराव डराव करणारा बेडूक, एक रडणारी बाहुली, एक शिट्टी मारणारं पाखरू आणि एक खी-खी हसणारं माकड. घरात मूल नव्हतं. दुकानदाराने पेढे मागितले.

बायकोने दोन दिवस त्याला खेळण्यांची पोटं फाडताना बघितलं. प्रत्येक खेळण्याच्या पोटातला छोटा भोंगा काढून टाकायचा. भोंग्याला जाणाऱ्या दोन तारांपैकी एक तपासायच्या तारेला लावायची, दुसरी लोखंडी पाइपाला. आवाज खेळण्यातून निघतो तो बाहेर न पडता तारेत शिरतो. आणि दुसऱ्या टोकाला वायरमनच्या हातात जुन्या टॉर्चचं नळकांडं. त्यात भोंगा, पुढे पितळी टोक, मागे पाइपाला लावायचा चिमटा. टोक ज्या तारेला टेकवाल तिच्यात कोण बसलंय ते ऐकू येतं. नखं कापायच्या कटरच्या धारेत त्याने कानशीने बारीक खाच पाडली, तिने तारेवरचं आवरण सोललं जाई आणि आतलं तांबं शाबूत राही. तो कटर बायकोचा होता. त्यावरून झालं ते भांडण वेगळं.

सगळं जमलं तेव्हा त्याने बायकोला अंगणात उभं केलं, तिच्या कानाला नळकांडं लावलं आणि स्वतः मागच्या दारी जाऊन तारा जोडल्या.

"कोण आहे?" तो ओरडला.

"बेडूक!"

"आता?"

"तुमच्यासारखं कोणीतरी हसतंय!"

आता नुसतं काम हवं होतं. पण क्वार्टरला काम कोण देणार?

भर उन्हाळ्यात पंपघरातली विजेची पेटी जळाली. पंपघर टेकाडावर, मोटर खाली विहिरीच्या काठावर, मधे तीनशे पावलांचा उतार. जमिनीखालच्या लोखंडी पाइपातून चार तारा खाली जात होत्या, तीन विजेच्या आणि एक मोटरच्या अंगाची. वरची टोकं आगीत काळी ठिक्कर पडली. खालची टोकं वर्षानुवर्षं उन्हात राहून केव्हाच पांढुरकी झाली होती. आता कोणती तार कोणती, हे देवालाही सांगता आलं नसतं.

बाईंनी शहरातून साहेब आणला. साहेबाने गॉगल लावून वर बघितलं, खाली बघितलं, नवी पेटी भिंतीवर ठोकली आणि उतार चालायच्या विचाराने त्याला घाम फुटला.

"पाइप उकरून नवी केबल टाकावी लागेल," तो म्हणाला. "आठ दिवस."

"आठ दिवस?" बाई म्हणाल्या. "टाकीत पाणी आहे दोन दिवसांचं. गुरांनी काय करायचं?"

"मॅडम, तारांना रंगच राहिले नाहीत. मी काय करू?"

गर्दीच्या मागून वायरमनची बायको खोकली. सवय, दुसरं काय. वायरमन पुढे आला. हातात टॉर्चचं नळकांडं, काखेत बेडूक, बाहुली, पाखरू आणि माकड.

"मला दोन तास द्या, बाई."

"आला!" गिरणीवाला म्हणाला. त्याने नवी कवळी बसवली होती, त्यामुळे आता शिव्या स्पष्ट येत होत्या. "बघा, किती चढलीय! खेळणी घेऊन आलाय!"

बाईंनी साहेबाकडे बघितलं, रिकाम्या हंड्यांच्या रांगेकडे बघितलं. "तपासून दाखव," त्या म्हणाल्या. "बटणाला मात्र हात लावायचा नाही."

वायरमनने वरचा मेन फ्यूज काढून खिशात घातला. मग खाली विहिरीवर जाऊन मोटरच्या चारही तारा सुट्या केल्या. अंगाच्या स्क्रूवरून निघालेल्या तारेला बाहुली, बाकीच्या तिघींना बाकीचे तिघे. मग धापा टाकत वर आला, चिमटा पाइपाला लावला आणि टोक पहिल्या काळ्या तारेला टेकवलं.

"डराव," नळकांडं म्हणालं.

पंपघर हसण्याने दुमदुमलं. दुसऱ्या तारेत माकड निघालं. तिसरीला टोक टेकवलं आणि बाळ रडायला लागलं. एक म्हातारी "अरे, कुणाचं रे ते?" म्हणून पाइपात वाकून बघायला लागली. साहेबाने गॉगल काढला, नळकांडं हातात घेतलं, स्वतः चारही तारा ऐकल्या आणि खाली माणूस पाठवून खेळणी अदलाबदल करून पुन्हा ऐकल्या. एकदाही चुकलं नाही.

वायरमनने खाली आणि वर तारा जोडल्या. आता फक्त फ्यूज बसवून बटण दाबायचं राहिलं.

"थांब," बाई म्हणाल्या. "काम चोख आहे. पण मी शब्द फिरवत नाही. तू प्यायलेला आहेस का?"

"नाही."

"आज नाही. त्या दिवशी होतास. उद्या असशील. मग हे काम मी साहेबाच्या नावावर लिहिते आणि पंपही पुढे तेच सांभाळतील."

वायरमन दारुडा राहिला तर काम जात होतं. खरं सांगितलं तरी जाणारच होतं. फरक एवढाच की खरं सांगून गेलं असतं तर निदान गिरणीवाल्याचं तोंड बंद झालं असतं.

"मी त्या दिवशीही प्यायलो नव्हतो," तो म्हणाला. "मी कधीच पीत नाही. मला लाल आणि हिरवा ओळखता येत नाही. जन्मापासून."

मग सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं की आपल्या घरातल्या तारा याच माणसाने जोडल्यात, आणि जो तो तारांपासून, पेटीपासून, भिंतीपासून मागे सरकला.

"म्हणजे वीस वर्षं?" गिरणीवाला म्हणाला. "वीस वर्षं आम्ही आंधळ्याच्या हातात होतो?"

"वीस वर्षं माझ्या हातात होतात," बायको म्हणाली. "खोकले मी तुमच्यासाठी. एक दिवस नव्हते, तर तुमची कवळी गेली."

बाईंनी नळकांडं हातात घेऊन उलटसुलट बघितलं. "हे यंत्र तू त्यासाठी बनवलंस?"

"हो. पण आज साहेबांना डोळे असून उपयोग नव्हता."

साहेब बिचारा खरं तेच बोलला. "मॅडम, हे मला कॉलेजात शिकवलं नव्हतं."

"जोडणी बरोबर आहे हे कशावरून मानायचं?" बाईंनी विचारलं. "मोटर चालू झाल्यावर तिच्या अंगाला हात कोण लावेल?"

"मी लावतो," वायरमन म्हणाला.

"त्याला सवय असेल!" गिरणीवाला. "त्याचा हात हिशेबात धरायचा नाही!"

कुणी पुढे येईना. वायरमनची बायको निमूट उतार उतरून विहिरीवर गेली. चप्पल काढून ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहिली आणि मोटरच्या अंगाला बसवलेल्या पाण्याच्या लोखंडी पाइपावर तिने दोन्ही हात ठेवले.

"करा चालू!" ती खालून ओरडली.

वायरमनने फ्यूज खिशातून काढला. क्षणापूर्वी त्याला त्या चार तारांची स्वतःच्या बोटांइतकी खात्री होती. आता नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा त्याला विजेची भीती वाटली. त्याने फ्यूज परत खिशात घातला, चारही तारा सोडल्या, तीनशे पावलं खाली पळत गेला, खेळणी लावली, वर पळत आला आणि पुन्हा ऐकलं. बेडूक, माकड, बाळ, पाखरू. सगळं जोडलं. मग पुन्हा मन खायला लागलं. पुन्हा सोडलं, पुन्हा खाली पळाला.

"अहो, चौथ्यांदा आलात तर मी हात लावणार नाही!" बायको म्हणाली. "मेलेय का मी अजून?"

"बाजूला हो. मी दुसरं काहीतरी सांगतो त्यांना."

"वर जा."

तो वर गेला. सोडलेल्या तारा जोडल्या, फ्यूज बसवला. त्याने बटण दाबलं आणि डोळे मिटले.

मोटर घुमायला लागली. पाइप खडखडला, खाकरला, आणि टाकीत पाण्याचा लोट कोसळला. हंडे, बादल्या, पिंपं घेऊन अख्खं गाव टाकीकडे धावलं. वायरमनकडे बघायला कुणाला सवड नव्हती. बाईंनी मात्र उभ्या उभ्या वहीत एक नाव खोडलं आणि दुसरं लिहिलं. साहेब "मला असं एक बनवून देशील का?" म्हणून त्याच्या मागे लागला, पण वायरमन केव्हाच उतारावरून धावत सुटला होता.

बायको तशीच उभी होती, पाइपाला दोन्ही हात लावून, डोळे मिटून.

"अगं, झालं!" त्याला धाप लागली होती. "काढ आता हात!"

"राहू द्या थोडा वेळ," ती म्हणाली. "गार लागतंय."