पांढरी रेघ

"हात लावू नका त्या बटणाला!"

अण्णा गोदामाच्या दुसऱ्या टोकाहून ओरडले, तसा सुपरवायझरचा हात प्रिंटरवरून चटकन मागे आला.

पॅकिंगच्या टेबलाशी उभ्या असलेल्या वहिनी गालात हसल्या. घरी भाजीत मीठ नसलं तरी चकार शब्द न काढणारा त्यांचा नवरा, बारकोडच्या प्रिंटरला कुणी हात लावला की आकाशपाताळ एक करायचा.

"लेबल मधोमध फिकट येतंय हो अण्णा. उष्णता जरा वाढवली की झालं," सुपरवायझर म्हणाला.

"आज झालं. उद्या छपाईचं हेड जळेल. ताप आलेल्याला कुणी शेकोटीपाशी बसवतं का?"

औषधांच्या त्या गोदामात कितीतरी सुपरवायझर आले नि गेले, प्रिंटर तेच होते. दुसरीकडे वर्षभरात भंगारात निघणारी मशीनं अण्णांच्या हाताखाली म्हातारी व्हायची. त्यात गुपित काही नव्हतं. शाईची रिबन बदलताना दर वेळी ते काडीला गुंडाळलेल्या स्पिरिटच्या बोळ्यानं हेड पुसत, एकाच दिशेनं, बोटातली अंगठी काढून. रोलरला चिकटलेलं लेबल त्यांनी कधी ब्लेडनं खरवडलं नाही. घाई असो, जेवायची वेळ टळलेली असो, यात कधी खाडा नाही. अशा माणसाशी आपण संसार केला, याचा वहिनींना मनातून अभिमान होता. बोलून दाखवला असता तर अण्णा लाजून बाहेर गेले असते.

काही महिन्यांपासून मात्र अण्णांचा उजवा हात थरथरत होता. सकाळी शर्टाची बटणं वहिनी लावून देत. कामावर हेड पुसताना अण्णा हल्ली भोवतीच्या माणसांना हटवत. "सरका, उजेड अडतोय," म्हणत.

आज हटवायची सोय नव्हती. बर्फात ठेवलेल्या इंजेक्शनांचे खोके माल चढवायच्या फलाटावर आले होते, ट्रक दाराशी लागला होता आणि प्रत्येक लेबलावर बारकोडच्या मधोमध एक बारीक पांढरी रेघ उमटत होती. स्कॅनर ते लेबल वाचेना. न वाचलेला खोका कुठलंही हॉस्पिटल आत घेत नाही.

अण्णांनी मशीन बंद केलं, झाकण उघडलं आणि हेड निवू दिलं. मग बोळा बुडवून हात पुढे नेला. हात हलला. बोळ्याची काडी कडेच्या पत्र्यावर टकटक वाजली. त्यांनी डाव्या हातानं मनगट धरलं, तरी ती वाजतच राहिली.

फोर्कलिफ्ट चालवणारा उगाचच छताकडे बघू लागला. धावत जावं, काहीतरी निमित्त काढून यांना इथून बाहेर न्यावं, असं वहिनींना वाटलं.

अण्णांनी काडी खाली ठेवली.

"साहेब, माझा हात आता स्थिर राहत नाही," ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "मी रेटून केलं तर हेडवर ओरखडा जाईल. मशीन वाया जाईल."

सुपरवायझर जवळ आला. "आधी नाही सांगितलंत?"

"आधी जमत होतं."

मग ते वळले. "अगं, जरा इकडे ये."

"मी? अहो, मला काय येतंय त्यातलं?"

"सुईत दोरा ओवतेस ना? तसाच हात हलका ठेव. अंगठी काढ आधी."

वहिनींनी अंगठी काढून त्यांच्या हातात दिली आणि बोळा उचलला. हेडच्या बरोबर मध्ये लेबलाचा मोहरीएवढा डिंक घट्ट बसला होता. त्यांचं नख आपोआप पुढे गेलं.

"नख नको! बोळा नुसता टेकव. भिजू दे त्याला."

"बर्फ वितळतोय, अण्णा," सुपरवायझर काकुळतीनं म्हणाला.

"भिजू दे," अण्णा पुन्हा म्हणाले.

थोड्या वेळानं बोळा काळा झाला आणि डिंक अलगद निघून आला. हेड वाळेपर्यंतही अण्णांनी कुणाला पुढे येऊ दिलं नाही. मग झाकण लागलं, मशीन घरघरलं आणि पहिलं लेबल बाहेर आलं. काळंभोर, सलग. स्कॅनर टिंग करून वाजला, तसा फोर्कलिफ्टवाला ओरडला, "वहिनी, आमची गाडीपण बघा आता!"

खोके भराभर चढले. ट्रक गेला. सुपरवायझर अण्णांजवळ येऊन घुटमळला. "आता तुमच्या कामाचं कसं करायचं, बघू आपण."

"बघायचं काय त्यात? हिला शिकवतो. मशीनं चालली पाहिजेत."

दुपारी ते वहिनींना पलीकडच्या प्रिंटरकडे घेऊन गेले. "याचा रोलर कडक व्हायला लागलाय. डोळ्यांना नाही दिसायचं, बोटांना कळतं."

भर गोदामात, सगळ्यांच्या देखत, त्यांनी वहिनींची बोटं धरली आणि रोलरच्या रबरावर ठेवली. त्यांच्या हाताची थरथर वहिनींच्या बोटांत उतरत होती.

"कळलं का?"

"कळलं," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी बोटं तशीच राहू दिली.