देवराव जमादाराची आत्या

देवराव जमादाराला मी आधी मोबाइलवर ओळखलं, मग पोलीस ठाण्यात पाहिलं. दोन्हीकडे माणूस तेवढाच फुकटा निघाला.

बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या वर्षी मी फौजदारी न्यायाच्या ऑनलाइन पदविकेला नाव घातलं होतं. पांढरकवड्यात अब्बांचं डिझेल इंजिन दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की तिथल्या बाकड्यावर बसून मी व्हिडिओ बघायचे. 'शमा मोबाइलमधून फौजदार बनून राह्यली,' असं शेजारचा रिजवान चहावाला येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा.

आमच्या वर्गाच्या ग्रुपवर देवराव होता. निंबटोल्याच्या ठाण्यात जमादार, काळा चष्मा लावलेला वर्दीतला फोटो. बढतीसाठी कागद पाहिजे म्हणून शिकत होता. शिकत कसला! 'म्याडम, तुमचा स्वाध्याय पाठवा, फक्त नमुना म्हणून,' असा त्याचा निरोप आला. मी वेडी, पाठवला. विषय होता तक्रार नोंदवणं. त्यात मी माझ्या आत्याच्या, जैबुनबीच्या, शिलाई मशीन चोरीचं उदाहरण दिलं होतं. पंधरा दिवसांनी सरांनी आदर्श उत्तर म्हणून देवरावचा स्वाध्याय ग्रुपवर टाकला. वाचते तर शब्द माझेच, आणि मधोमध 'माझी आत्या जैबुनबी'. त्याला वीसपैकी अठरा, मला सोळा. उतरवताना त्यानं वाचलं नव्हतं आणि तपासताना सरांनीही.

जानेवारीत चंदाबाई दुकानात आल्या. निंबटोल्याजवळच्या तांड्यावर त्यांची शेती, इंजिन अब्बांकडेच दुरुस्तीला यायचं. अळीतून वाचलेला कापूस वेचून त्यांनी शेतातल्या कोठ्यात ठेवला होता. कुलूप तोडून कुणीतरी तो गाडीत भरून नेला. त्या दोनदा ठाण्यात जाऊन आल्या होत्या.

"लिवूनच नाही घेत," त्या म्हणाल्या. "म्हणते, अर्ज ठिवून जाय."

अब्बांनी हातातला पाना खाली ठेवला. "पढ रही ना? जा इनके साथ."

ठाण्यात देवराव टेबलावर शेंगा सोलत बसला होता. त्यानं मला ओळखलं नाही. ग्रुपवर माझ्या फोटोच्या जागी गुलाब होता.

"बाई, तुले किती बार सांगू?" तो चंदाबाईंना म्हणाला. त्या त्याच्या आईच्या वयाच्या. "कापसावर का नाव लिवलं असते? अन् यंदा कापूस होताच कोणाले?"

"कुलूप तोडलं, साहेब."

"तुमीच तोडलं असन."

"चोरी दखलपात्र आहे," मी म्हणाले. "खबर दिली का लिवाच लागते. अन् नक्कल फुकट द्या लागते."

"तू कोण? वकील?"

"फौजदारी न्यायाचा ऑनलाइन कोर्स शिकून राह्यली."

"मोबाइलवर?" तो हसला. "मले नको शिकवू पोरी. मीबी तोच कोर्स करून राह्यलो. अठरा मार्क हायेत मले."

मी फोन काढला, त्याचा आदर्श स्वाध्याय उघडला आणि मोठ्यानं वाचू लागले. आतल्या खोलीत ठाणेदार बसले होते, दार उघडं होतं. तक्रार नोंदवणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे, इथपासून सुरुवात केली. आत्या जैबुनबी येईपर्यंत थांबले नाही.

"देवराव," आतून आवाज आला, "कोण म्हणली तुई आत्या?"

दोन शिपाई खाली मान घालून हसले. देवरावनं शेंगांची टरफलं टेबलाखाली लोटली आणि कीबोर्ड पुढं ओढला. एका बोटानं गुन्हा लिहायला त्याला दीड तास लागला. 'कुलूप' तीनदा चुकवलं. मी दर वेळी दुरुस्त करायला लावलं आणि मला त्याची जराही दया आली नाही.

गुन्हा नोंदल्यामुळं नाक्यांवर निरोप गेला, आणि चौथ्या दिवशी गाडी पकडली गेली. कापूस ठाण्याच्या आवारात उघड्यावर पडला. तो परत मिळायला कोर्टाचा हुकूम लागत होता. त्याचा अर्ज मी लिहिला. हुकूम यायला महिना गेला, मध्ये गारपीट झाली.

चंदाबाई टेम्पो घेऊन आल्या तेव्हा कापूस पिवळा पडला होता. देवरावनं कागदावर त्यांचा अंगठा घेतला.

"पाह्य बाई," तो म्हणाला, "आमच्यामुळं भेटला."

चंदाबाईंनी अंगठ्याची शाई ठाण्याच्या भिंतीला पुसली. "तुमच्यामुळं ओला झाला," त्या म्हणाल्या, आणि त्याच्याकडं न बघता गाठोडं उचलायला वाकल्या. मी दुसरं टोक धरलं.