गोटमारीच्या दिवशी नवं कार्ड

सकाळीच मी म्हटलं होतं, सौंसरला चला. माझी बहीण सुप्रिया तिथे राहते. तिच्याकडचं नेट चांगलं आहे, दुपारी तिच्या बैठकीत बसू, बोलू, संध्याकाळी परत येऊ. पण आमचे कुलदीपराव कोणाचं ऐकतील तर शपथ.

“तीन वाजेलोक चार कार्डं चालू करून दाखवतो तुले,” हे म्हणाले. “तू फक्त चहा ठेव.”

मी चहा ठेवला. नंतरही ठेवतच राहिले. नेटचं नवं कार्ड काही चालू झालं नाही.

तीन वाजता आम्हाला रीव्याच्या एका बालगृहाच्या समितीपुढे व्हिडिओवर बसायचं होतं, दत्तक मुलीसाठी. तिचं नाव चंचल, वय अडीच. फोटोत तिने एका पायात चप्पल घातली आहे आणि दुसरी हातात घट्ट धरली आहे, कोणी मागितली तरी देणार नाही अशा चेहऱ्याने. तो फोटो पाहिला त्या दिवसापासून ती माझी झाली होती, समितीचं काय ते नंतर. पहिल्या तारखेला हे डेंग्यूने दवाखान्यात पडले, म्हणून ही दुसरी तारीख मिळाली. आणि तिथल्या मॅडमनी फोनवर साफ सांगितलं होतं की या वेळी समोर आला नाहीत तर मुलगी पुढच्या जोडप्याला दाखवू.

तारीख घेताना आम्ही दोघंही हो म्हणून मोकळे झालो. तो पोळ्याचा दुसरा दिवस आहे, म्हणजे पांढुर्ण्यात गोटमार आहे, हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं. पुन्हा तारीख बदलून मागायची हिंमत कोणाची होती? गोटमारीला जाम नदीच्या एका काठावर आमचं पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, मधे पळसाच्या झाडाला झेंडा, आणि तो झेंडा कोणाच्या तरी हाती लागेपर्यंत दोन्हीकडून दगड. आमचं घर नदीपासून दोन गल्ल्या आत आहे. दिवस वर आला की रस्ते बंद, दुकानं बंद, आणि एवढी माणसं गावात शिरली की मोबाईलचा टॉवर मान टाकतो. दरवर्षीचंच आहे, त्यात आम्हाला नवल वाटत नाही.

राहिलं घरचं नेट. तर आमच्या घरात नेट सरळ येत नाही. नगरपालिकेतल्या कॉम्प्युटर ऑपरेटरशी लग्न केलं की असंच होतं. यांनी मोडीत निघालेला एक जुना कॉम्प्युटर घरी आणून त्याची फायरवॉल केली आहे. बाहेरची तार आधी त्या डब्यात जाते, डबा येणाऱ्या-जाणाऱ्याची झडती घेतो, आणि त्याला पटलं तर आम्हाला वायफाय मिळतं. पोळ्याच्या आधी वीज कडाडली आणि बाहेरची तार लागते ते कार्ड जळालं. नागपूरच्या दुकानदाराने जुनं कार्ड नमुन्याला ठेवून घेतलं आणि नवं दिलं. नवं दिसायला चकचकीत होतं, पण डबा त्याला ओळखच देत नव्हता.

“त्याले सपोर्ट नाही ना,” हे म्हणाले. “ड्रायव्हर टाका लागते.”

ड्रायव्हर म्हणजे कार्डाशी कसं वागायचं हे डब्याला शिकवणारी फाईल. एवढं मला इतक्या वर्षांच्या संसारात कळलं आहे.

“मंग तो साधा राऊटर लावा ना आजच्यापुरता.”

“तो तुह्या बहिणीले देल्ला.”

खरं होतं. माझ्या लॅपटॉपला तार लावायची जागाच नाही. शेजारचे पुंडलिकराव पोळ्यासाठी सहकुटुंब मोहगावला गेलेले, दाराला हे एवढं कुलूप. मी आतून नुसती पेटले होते.

भल्या सकाळी टॉवरला जीव होता तोवर यांनी ती फाईल मोबाईलवर उतरवून ठेवली होती. पेनड्राइव्हने ती डब्यात गेली. डबा बंद करून चालू केला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर वर सरकल्या आणि एका जागी थांबल्या. आम्ही वाट पाहिली. ओळी हलल्या नाहीत.

“काहून थांबलं?”

“फाईल दुसऱ्या व्हर्जनची निघाली. डबा उठूनच नाही राहिला आता.”

म्हणजे आधी एक कार्ड मेलं होतं, आता सगळा डबाच आडवा झाला. नदीकडून आरोळ्या ऐकू येऊ लागल्या होत्या. मी बाहेर येऊन पाहिलं तर गल्लीच्या तोंडाशी पोलिसांनी बांबू बांधले होते. सौंसर आता गेलं. मी आत आले आणि जे मनात होतं ते बोलले.

“तुमच्या हौसेपायी माही पोरगी गेली तर मी या डब्यासंगट तुमालेही बाहीर ठेवीन.”

हे डब्याचं झाकण उघडायला बसले. एरवी हा माणूस उलट उत्तर दिल्याशिवाय राहत नाही, म्हणून मला खरी भीती वाटली. त्यांच्या हातून बारीक स्क्रू पुन्हा पुन्हा खाली पडत होता.

माझे सासरे, म्हणजे मामाजी, ओसरीवर खाटेवर बसून हे सगळं पाहत होते. नत्थूजी म्हटलं की आमच्या भागात गोटमारीची आठवण निघते, इतकी वर्षं ते त्या काठावर उभे राहिलेले. दगड उचलायचं वय गेलं, पण पाहायला जाणं कधी चुकलं नाही. दत्तकाचं आम्ही ठरवलं तेव्हा त्यांनी “तुमचं तुम्ही पाहा” एवढंच म्हटलं. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मुलीचा फोटो समोर धरला तेव्हा चष्मा नाही म्हणाले. चष्मा खिशातच होता, मी पाहिला होता. ते मला लागलं, आणि अजून लागतं.

यांनी डबा साफ कोरा करून पुन्हा भरायला घेतला. पण त्याच्या व्हर्जनची फाईल हवी, आणि फाईलसाठी नेट हवं, आणि नेटसाठी ती फाईल. शेवटी हे मोबाईल घेऊन गच्चीवर चढले, टॉवरकडे तोंड करून पाण्याच्या टाकीवर उभे राहिले. मी खालून शिडी धरून. लहानशी फाईल, पण ती अर्ध्यावर यायची आणि तुटायची. नदीकडचा कल्ला वाढला होता. एक दगड कुठल्या तरी टिनावर आपटला.

“खाली या हो,” मी म्हटलं.

“थांब. येऊन राहिली.”

“डोकं फुटलं म्हणजे समितीसमोर मी एकटी बसू काय?”

“आली! आली, दामिनी!”

अशी आरोळी यांनी आमच्या लग्नातही ठोकली नव्हती. खाली उतरताना शिडीच्या दोन पायऱ्या चुकल्या, गुडघा सोलला, त्याची शुद्ध नव्हती. फाईल डब्यात गेली. पांढऱ्या ओळी सरकल्या. मी पदराचं टोक दाताखाली धरलं होतं. ओळी मघाच्या जागी आल्या, क्षणभर अडखळल्या आणि पुढे गेल्या. कार्डाच्या मागे हिरवा दिवा लागला.

मी चक्क टाळी वाजवली. दोन वाजून गेले होते. मी साडी बदलून आले, लॅपटॉप टेबलावर ठेवला, आणि यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा पडला होता.

“आता काय झालं?”

“कार्ड चालू झालं. पण नेट येऊन नाही राहिलं.” मग यांनी कपाळावर हात मारून घेतला. “अमोलनं लाईन जुन्या कार्डाच्या नंबरावर बांधली आहे. प्रत्येक कार्डाले आपला एक नंबर असते. हे नवं त्याच्या मशीनले परकं आहे.”

“मंग जुनाच नंबर द्या याले.”

“जुनं कार्ड नागपूरले राहिलं. डब्यात लिहून होता, तो डबा आताच मी कोरा केला.”

अमोल म्हणजे आमचा केबलवाला. त्याने आपल्या मशीनवर नवा नंबर टाकला की झालं, दोन मिनिटांचं काम. पण अमोलचं घर सावरगावात, नदीच्या पलीकडे. हे फोन लावत सुटले. एकदा लागला. “अमोल, नंबर लिहून घे,” म्हणत यांनी कार्डाच्या खोक्यावरचा नंबर वाचायला घेतला, दोन आकडे झाले आणि फोन तुटला. त्यानंतर लागलाच नाही. यांनी खोकं मामाजींच्या खाटेवर भिरकावलं आणि डोकं धरून भिंतीशी बसले.

तेवढ्यात मामाजी उठले. पायात चपला सरकवल्या, टोपी चढवली.

“बाबा, कुठं चालले?” यांनी विचारलं.

“येतो,” म्हणाले आणि निघाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरात काय चाललं आहे आणि यांना गोटमार सुटत नाही! सुनेच्या आयुष्यात पहिल्यांदा काही घडतं आहे, तर झेंडा कोण तोडतो हे पाहायला चालले. मी मोठ्याने बोलले नाही, पण मनात जे बोलले ते सांगण्यासारखं नाही. समितीने घरच्या मोठ्या माणसालाही बसवायला सांगितलं होतं, त्याचंही वाटोळं झालं.

मग आम्ही दोघं नुसते बसून राहिलो. हे थोड्या थोड्या वेळाने एक बटण दाबायचे, पडद्यावर तेच लाल अक्षर यायचं. मी चंचलचा फोटो काढून पाहिला आणि लगेच उलटा ठेवला. तिला काय माहीत, तिच्यासाठी इथे दोन वेडी माणसं एका डब्यासमोर बसली आहेत. मला रडू येत होतं आणि काजळ बिघडेल म्हणून मी रडतही नव्हते.

तीनला थोडा वेळ उरला असताना लाल अक्षर हिरवं झालं. यांनी काही केलं नव्हतं. मग एकदम धावपळ, खुर्च्या, लॅपटॉप, केस नीट करणं. पडद्यावर रीव्याची खोली उघडली. टेबलामागे तीन माणसं, मधे चष्म्याच्या मॅडम.

चित्र स्वच्छ, आवाज त्याहून स्वच्छ. आणि तिथेच घात झाला. नावं सांगून झाली, नोकरीचं विचारून झालं, आणि नदीकडून हजारो माणसांची आरोळी उठली. पाठोपाठ अॅम्ब्युलन्सचा भोंगा. आम्हाला त्याचं काही वाटलं नाही, आज दिवसभर तेच चाललं होतं. मॅडमचा पेन मात्र थांबला.

“ये कैसा शोर है? आपके यहाँ कुछ हो रहा है?”

हे हिंदीत “मेला है, गाँव की जत्रा” असं काहीतरी पुटपुटले. मॅडमच्या शेजारच्या गृहस्थांनी त्यांच्या कानात काही सांगितलं. गोटमार हा शब्द मला ओठांवरून कळला. मॅडमनी चष्मा काढला.

“जहाँ साल में एक दिन पत्थर चलते हैं, वहाँ हम ढाई साल की बच्ची दें?”

आयुष्यभर हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, मी स्वतःलाही विचारला नव्हता.

त्याच क्षणी मागचं दार वाजलं. मामाजी आत आले आणि सरळ आमच्या मागे, पडद्यात दिसतील असे उभे राहिले. टोपी नव्हती. कपाळापासून गालापर्यंत रक्त, सदऱ्यावर रक्त. संपलं, मी मनात म्हटलं. उरलंसुरलं होतं तेही यांनी संपवलं.

“बाबा!” हे उठले.

“बस तू. लागली का लाईन?” मामाजींनी हातातलं कार्डाचं चेपलेलं खोकं टेबलावर ठेवलं. “अमोलच्या घरी गेलो होतो. नंबर टाकून घेतला त्याच्याकून, तवा निघालो.”

पुलावरून, त्या दगडांमधून, या वयात. मी मघाशी मनात काय काय बोलले होते ते आठवून मला लाज वाटली. मॅडम वाकून पाहत होत्या.

“बाबा, आपको पत्थर लगा है?”

“लगा मॅडम. अपने ही तरफ का था,” मामाजी त्यांच्या हिंदीत म्हणाले. “तार चालू कराने गया था.”

“अगले साल भी यही होगा न? उस दिन बच्ची कहाँ रहेगी?”

“मेरे साथ रहेगी.” त्यांनी सदऱ्याच्या बाहीने डोळ्यावरचं रक्त पुसलं. “सवेरे ही चंचल को लेके मैं बाजू के तिगाव चला जाऊँगा. शाम तक टेसन पे बैठेंगे, गाडी देखेंगे. हर साल.”

तिचं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. यांनी मान खाली घातली, मला वाटलं स्क्रू शोधताहेत, पण हे रडत होते.

“और आपका मेला?” मॅडमनी विचारलं.

“हो गया हमारा.”

मॅडमनी मामाजींकडे, मग आम्हा दोघांकडे पाहिलं, कागदावर काही लिहिलं, बराच वेळ लिहीत राहिल्या. नदीकडून पुन्हा आरोळी आली, या वेळी कोणी दचकलं नाही.

“पहले इनकी पट्टी करवाइए,” त्या म्हणाल्या. मग कागदावरून नजर न उचलता विचारलं, “रीवा से कैसे ले जाएँगे? बस में उसको उल्टी होती है.”

यांना काही समजलं नाही, हे माझ्याकडे पाहू लागले. मला समजलं होतं.

“ट्रेन से,” मी म्हटलं.