निघायच्या आधीच पोचली

माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत माझी बायको वैजयंती घर झाडत नाही. कारंजापर्यंतच्या एसटीला ते खपून जायचं. काल रात्री आमची लेक योगिनी टोकियोहून लॉस एंजेलिसला निघाली, दहा तासांचं विमान, आणि नेमका सोयाबीनच्या मळणीचा भुसा घरभर. मी बोंबललो, पण झाडू हलला नाही. रात्रभर शिंकत राहिलो.

आज शुक्रवारी सकाळी योगिनीचा फोन आला. "आई, पोचली! टोकियोत शुक्रवार लागल्यावर निघाली, अन् इथं अजून गुरुवारच हाय!"

"निघायच्या आधीच पोचली?" वैजयंती हसत सुटली. पदर तोंडात कोंबूनही हसू आवरेना. मग माझ्या हाती झाडू देत म्हणाली, "पोरगी तं कालच पोचली होती, अन् तुमी मले रातभर भुशात झोपवलं!"