डावा कोपरा

"एकावन्न नंबर," यशोदा म्हणाली. "पहिलीच ती घ्या."

देवदत्त तळेकरचं बोट यादीवरून खाली घसरत एकावन्नपाशी थांबलं. "ही? मनवा शेडगे, वडाळा? वैनी, दोन दिवसांत तिने पकडी किती केल्या माहितीय?"

"किती?"

देवदत्तने विनीतकडे पाहिलं. विनीत मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. परळच्या कुठल्याशा कंपनीत आकड्यांचंच काम करणारा हा मुलगा मंडळासाठी सुट्टीच्या दिवशी फुकट राबत होता. "पाच," तो म्हणाला. "त्यातल्या एकीत रेडर स्वतःच घसरली होती. म्हणजे चारच धरा, काकू."

"तेच सांगतेय मी. चारच का? तिच्याकडे कोण जातच नाही म्हणून."

दोघांनीही मान हलवली, पण ती वडीलधाऱ्या बाईला वाईट वाटू नये म्हणून हलवतात तशी. लालबागच्या मैदानावर निवड चाचणी नुकतीच संपली होती. शहरातल्या सहा मंडळांनी मिळून यंदा मुलींची कबड्डी लीग काढली होती. बहात्तर मुलींची यादी, आणि पुढच्या रविवारी प्रत्येक मंडळाने पाळीपाळीने एकेक नाव उचलायचं. तरुण पोरं त्याला ड्राफ्ट म्हणत. पाळीचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरणार होता. देवदत्त स्वतः एके काळचा चांगला खेळाडू, आता संघाचा कोच. कल्याणची ओवी कदम मिळाली तर बाकी अकरा नावं कुठलीही चालतील, असं त्याचं मत होतं. ओवी उंच होती, चपळ होती, आणि तिच्या चढायांचे व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होते.

यशोदा घाडीने आयुष्यात कबड्डीचा एकही डाव खेळला नव्हता. हिंदमाताला एका साडीच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर बसून ती साड्यांना फॉल लावायची आणि बिडिंग करायची. लग्न होऊन लालबागच्या चाळीत आली तेव्हा सासू अंथरुणाला खिळलेली. नऊ वर्षं यशोदाला घरातून हलता आलं नाही. तिसऱ्या मजल्यावरची खोली, समोर गॅलरी आणि गॅलरीखाली मैदान. सासूला भरवून, पुसून, कूस बदलून झालं की ती कठड्याला टेकून खाली बघायची. वरून चेहरे दिसत नाहीत. कोण नावाजलेला, कोण देखणा, काही कळत नाही. दिसतात ती डोकी आणि पाय. कोण कुठे उभा आहे, कोण सरकल्यावर कोण सरकतो, साखळी कुठे तुटते, एवढंच. सुरुवातीला तिला खेळाचे नियमही ठाऊक नव्हते. ते तिने कुणाला न विचारता, वरूनच ओळखून काढले.

सासू गेली, पण सवय गेली नाही. चाळ पाडून टॉवर झाला, घाडींना तेराव्या मजल्यावर घर मिळालं. तिथून समोरच्या टॉवरची पाठ तेवढी दिसे. मग यशोदा खाली उतरून दोरीपाशी उभी राहायला लागली. चाळीस वर्षं बघितल्यावर माणसाला मतं असतात, आणि यशोदा ती पोटात ठेवणारी नव्हती. भाजीवाल्यापासून साडी घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकापर्यंत सगळ्यांना ती मंडळाने कोणाला खेळवावं ते सांगायची. लोक हसत. पण समोरच्या गल्लीतली एक सावळी पोरगी राज्याच्या संघात जाईल असं ती म्हणाली होती आणि पोरगी गेली, तेव्हापासून जरा कमी हसत.

नवरा मात्र या बाबतीत कोरा होता. गुणाजी परळच्या एका इस्पितळाच्या भटारखान्यातून निवृत्त झालेला, संध्याकाळी टीव्हीसमोरून उठत नसे.

"परत मैदानात?" चाचणीच्या दिवशीही त्याने मालवणीत विचारलं होतं. "त्या पोरींका बघून तुका काय गावता गो?"

"तुका ती सिरियल बघून जा गावता, ताच," असं म्हणून तिने चपला घातल्या होत्या.

बुधवारी दुपारी विनीत हिंदमाताला दुकानात आला. वर पोटमाळ्यावर यायला त्याला वाकावं लागलं.

"काकू, मी परत व्हिडिओ बघितले," तो साड्यांच्या ढिगाजवळ उकिडवा बसला. "सगळे. या वेळी पकडी नाही मोजल्या. रेडर कुठे जाते ते मोजलं."

यशोदाची सुई थांबली.

"मनवा मॅटवर होती तेव्हा एकशे अठरा चढाया झाल्या. तिच्या कोपऱ्यात किती गेल्या? चौदा! बाकी सगळ्या दुसऱ्या बाजूला. दुसरी कुठलीही मुलगी डाव्या कोपऱ्यात असेल तर चित्र वेगळं दिसतं. मी आठ जणींचं तपासलं."

"मग?"

"मग काय? एकदम बरोबर होतं तुमचं. मी लॅपटॉप घेऊन बसलो होतो आणि मला दिसलं नाही. तुम्हाला कसं दिसलं?"

"तू बॉल कुठेय ते बघतोस," ती म्हणाली, मग कबड्डीत बॉल नसतो हे लक्षात येऊन स्वतःच हसली. "म्हणजे रेडरला बघतोस रे. सगळेच बघतात. मी बाकीच्यांना बघते. ती पोरगी कोपऱ्यात उभी राहिली की रेडर तिकडे फिरकत नाही. मग बाकीच्या सहा जणींना एकाच बाजूला दाटीने उभं राहता येतं. पकड दुसरीच्या नावावर लागते, पण ती मनवाची असते."

विनीत हे सगळं मोबाइलवर टाइप करून घेत होता. खाली शेठ गिऱ्हाइकाला पैठणी उलगडून दाखवत होता. यशोदाने दोरा दाताने तोडला आणि पुढची साडी ओढली. पण त्या दुपारी तिच्या हाताला वेगळाच वेग होता.

देवदत्तला आकडे पटले. तो माणूस हट्टी नव्हता. "घेऊ वैनी, नक्की घेऊ," तो म्हणाला. "पण दुसऱ्या फेरीत. तिला कोण ओळखतंय? पहिली संधी तिच्यावर घालवली तर मंडळातली पोरं मला मैदानात गाडतील."

"बंडू नाईक ओळखतो."

"गिरगाव मंडळाचा? कशावरून?"

"चाचणीत ओवी चढाईला गेली तेव्हा अख्खं मैदान तिच्याकडे बघत होतं. तो म्हातारा खाली बघत होता. डाव्या कोपऱ्याच्या पायांकडे."

देवदत्त हसला. "म्हातारा चपला शोधत असेल, वैनी."

रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये सहा टेबलं मांडली होती. प्रत्येक टेबलाशी तीन खुर्च्या. लालबागच्या टेबलाशी देवदत्त, मंडळाचे सेक्रेटरी आणि विनीत. यशोदा मागच्या बाकांवर, मुलींच्या आयांच्या रांगेत बसली. तिच्या शेजारची बाई सारखी पदराने मान पुसत होती.

"तुमची कोण आहे?" तिने यशोदाला विचारलं.

"सगळ्याच," यशोदा म्हणाली. बाईला ते कळलं नाही.

चिठ्ठ्या निघाल्या. लालबाग पहिलं, गिरगाव दुसरं. मागे उभ्या असलेल्या मंडळाच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. दुसऱ्या फेरीत क्रम उलटा फिरणार होता. म्हणजे पहिलं नाव उचलल्यावर मध्ये दहा नावं जाणार, आणि त्यातलं शेवटचं गिरगावचं.

विचार करायला एक मिनिट होतं. देवदत्तने त्या मिनिटात एकदा मागे वळून पाहिलं. यशोदा त्याच्याकडेच बघत होती. तिने बोट नाचवलं नाही की मान हलवली नाही. सांगायचं ते सांगून झालं होतं. देवदत्त वळला आणि माइक ओढला.

"ओवी कदम."

टाळ्या पडल्या. ओवी उठून उभी राहिली, लाजली, केस मागे सारले. मग नावं जात राहिली. तिसरं, पाचवं, आठवं. प्रत्येक नावाला विनीत यादीवर काट मारत होता आणि एकावन्न नंबर तसाच राहत होता. दहावं नाव गेलं तेव्हा देवदत्तने सेक्रेटरींच्या पाठीवर हलकी थाप मारली.

बंडू नाईक सत्तरीचा, खादीचा झब्बा घातलेला.  त्याने चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला. "एकावन्न," तो म्हणाला.

हॉलमध्ये कोणीच टाळी वाजवली नाही, कारण एकावन्न म्हणजे कोण हेच कोणाला माहीत नव्हतं. यशोदाशेजारची बाई तेवढी उभी राहिली आणि पदर तोंडाला लावून तिथेच रडायला लागली.

देवदत्तने मागे पाहिलं नाही. यशोदाला क्षणभर त्याचा असा संताप आला की उठून त्याच्या कानात ओरडावं. एवढं हातात दिलेलं घालवलं! पण शेजारची ती बाई तिचा हात धरून विचारत होती, "खरंच माझ्याच मनवाचं नाव घेतलं ना?" आणि तिला हो म्हणता म्हणता राग कुठेतरी अर्धवटच राहिला. शिवाय आणखी एक गोष्ट होती, जी तिने घरी गुणाजीलाही सांगितली नाही. या एवढ्या मोठ्या मुंबईत आपल्याला दिसलं ते आणखी एका माणसाला दिसलं होतं, आणि तो माणूस साठ वर्षं कबड्डीत मुरलेला होता. त्याच्याशी आपलं मत जुळलं याचा तिला अभिमान वाटत होता.

लीग जानेवारीत झाली. ओवी खरोखरच चांगली निघाली, गुणांचे ढीग लावले तिने. वागायलाही गोड. जर्सीच्या बाह्या सैल होतात म्हणून यशोदाकडे घेऊन आली आणि बाह्या आत घेऊन होईपर्यंत तिथेच गप्पा मारत बसली. लालबाग अंतिम सामन्यात पोचलं. समोर गिरगाव.

"मावशी," सामन्याआधी ओवी दोरीपाशी आली. "त्या मनवाचं काय करू?"

आपल्या पोरीपासून काही लपवायचं नाही, हे यशोदाने ठरवलेलंच होतं. "तिच्याकडे जाऊ नकोस. ती एकटी दिसेल, जागा मोकळी दिसेल. तरी जाऊ नकोस. ती घोटा धरते आणि सोडत नाही."

ओवीने ऐकलं. पस्तीस मिनिटं ती त्या कोपऱ्याच्या वाऱ्यालाही उभी राहिली नाही. पण म्हणूनच गिरगावच्या बाकीच्या पोरी दुसऱ्या बाजूला भिंतीसारख्या उभ्या राहिल्या, आणि ओवीचा एकेक गुण घामाने निघाला. संध्याकाळचं ऊन मैदानावरून सरकलं, दिवे लागले. शेवटच्या मिनिटाला गुण सारखे झाले. शेवटची चढाई ओवीची.

ती आत गेली. एका बाजूला सहा जणी. तिने हात फेकला, पाय फेकला, काही मिळेना. घड्याळात आठ सेकंद. दुसऱ्या बाजूला कोपऱ्यात बुटकी मनवा एकटी, सगळी जागा उघडी.

"नको गं," यशोदा पुटपुटली.

ओवी वळली. तिचा पाय पुढे पडला मात्र, मनवा गुडघ्यावर खाली गेली आणि दोन्ही हातांनी घोटा धरला. ओवी तिला ओढत ओढत मध्यरेषेकडे आली, एक हात, मग अर्धा हात अंतर राहिलं. बोटं रेषेपासून चार अंगुळं अलीकडे थांबली. शिट्टी वाजली.

लालबागचं मैदान चिडीचूप झालं. गिरगावची मूठभर माणसं तेवढी नाचत होती. आणि दोरीपाशी घाडीवैनी टाळ्या वाजवत होत्या. जोरात, हात वर करून.

"वैनी!" मंडळाच्या एका पोराने दटावलं. "आपण हरलो!"

"माहितीय रे," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि टाळ्या थांबत नव्हत्या. "पण पकड बघितलीस का तू?"

मग ती दोरीखालून आत गेली. ओवी मॅटवर पालथी पडून रडत होती. यशोदाने तिला बसतं केलं, तिच्या गुडघ्याला लागलेली धूळ झटकली. "मनवाला जाऊन हात दे," ती म्हणाली, "आणि विचार तिला, घोटा कसा धरलास ते. शिकून ये." देवदत्त जवळच उभा होता. त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. यशोदाने त्याला पाण्याची बाटली आणायला पाठवलं.

पुढचा हंगाम आला. एका दुपारी देवदत्त स्वतः पोटमाळ्यावर चढला. त्याच्याकडे लीगचा छापील फॉर्म होता.

"निवड समितीत तीन नावं द्यायची आहेत," तो म्हणाला. "तिसरं तुमचं लिहिलंय. अनुभवाचा रकाना भरायचा राहिलाय. खेळाडू, पंच, कोच, यातलं काही लिहिता येत नाही. काय लिहू?"

यशोदाने चष्मा कपाळावर ढकलला. "बघते, असं लिही."

"नुसतं बघते?"

"एकेचाळीस वर्षं. वर्षं लिही."

देवदत्तने तसंच लिहिलं, वळणदार अक्षरात, आणि फॉर्म तिच्यापुढे धरला. तिने खाली सही केली, अख्खं नाव, यशोदा गुणाजी घाडी, एकही अक्षर न गाळता. मग फॉर्मखालची नवी यादी तिने वर काढली. या वर्षी अठ्ठ्याऐंशी मुली होत्या. खालून शेठने हाक मारली, गिऱ्हाईक साडीसाठी खोळंबलंय. "पाच मिनिटं थांबायला सांगा," ती वरूनच म्हणाली. टाका हरवू नये म्हणून तिने सुई साडीच्या काठात टोचून ठेवली, पाय दुमडून घेतले आणि यादी देवदत्तच्या हातात दिली.

"वाच," ती म्हणाली. "सावकाश. पहिल्यापासून."